कोणती पेटी चालू होती

कुओपिओत जानेवारीत साडेनऊला उजाडतं,
तीनच्या आत मावळतं.
मी सातला येते, अंधारातच कुलूप काढते
आणि दोन पेट्यांसमोर उभी राहते.
एकाच पत्र्याच्या, एकाच रंगाच्या,
पंखासुद्धा एकाच सुरात घुमणारा.
एकीत फोनच्या लहरी सुटतात, दुसरीत काहीच नाही.
कुठली कोणती, ते संगणकाला ठाऊक
आणि बाईंच्या कपाटातल्या बंद पाकिटाला.
मला कळता कामा नये.
कळलं तर डोळे तेच बघतील
जे त्यांना बघायचं आहे.

आत बशा. बशीत गुलाबी पाणी,
तळाला चिकटून पेशी,
कुणाच्या तरी दंडाच्या कातडीतल्या.
त्या माणसाला नाव नाही, क्रमांक आहे : चौदा.
सदतीस अंश, अंगाइतकी ऊब.
चौदाला वाटत असेल, आपण अजून दंडावरच आहोत.

पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद,
रात्रभर.
जणू कुणी पुन्हा पुन्हा फोन करतंय
आणि घरात कुणी उचलत नाही.

शनिवारी आईचा फोन, लापिनलाह्तीहून.
ती तो कानाला लावत नाही.
हातभर लांब धरते, शेपटीला धरलेल्या माशासारखा,
आणि ओरडते, "काय? काय म्हणालीस?"
शेजारच्या ल्यूलीच्या कानामागे गाठ आली, तेव्हापासून हे असं.
गाठ चरबीची निघाली. काढली, टाके पडले, ल्यूली नाचायलाही जाऊन आली.
फोन मात्र लांबच राहिला.
"तू तिथेच कामाला ना? मग सांग एकदाचं.
होतं की नाही होत?"
आई, कोणती पेटी चालू आहे तेच मला माहीत नाही.
"मग पगार कशाचा देतात तुला?"

शेपट्या मोजण्याचा.
पेशी जेलीत बसवायची, तिचं आवरण विरघळवायचं,
वीज सोडायची,
मग काळोख्या खोलीत भिंगाखाली पाहायचं.
आतलं गाठोडं शाबूत असेल तर नुसता हिरवा गोल.
धागा तुटला असेल तर तुकडे पुढे वाहत जातात
आणि गोलाचा धूमकेतू होतो.
मुद्दाम जाळलेल्या पेशी आधी पाहून घेते, नजर बसावी म्हणून :
केवढाले पिसारे!
मग चौदा.
गोल. गोल. गोल. कडेला जरासं पुसल्यासारखं.
हे लहरींनी, की माझ्याच हाताच्या धक्क्यानं,
की ही पेशी आज उठलीच डाव्या कुशीवर?
पन्नास मोजायच्या. डोळे चोळायचे. पुन्हा पन्नास.

एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही.
डिसेंबरातच माझ्या मनानं घेतलं, उजवी चालू आहे.
कशावरून? कशावरूनही नाही.
दार लावताना हाताला किंचित कोमट लागायची, एवढंच,
आणि तेही बहुधा माझेच हात.
पण बशा ठेवताना उजवीशी हळूच बोलायचे,
"एवढी रात्र काढा. सकाळी येतेच मी."
डावीला काही म्हटलं नाही.
तिला काय गरज.

मार्चात पाकीट फोडलं.
तळ्यावरचा बर्फ अजून मोटार पेलत होता.
दोन रकाने शेजारी शेजारी, शेपट्या जवळजवळ सारख्या.
एका आठवड्यात डावीकडे थोड्या जास्त,
तोच आठवडा पुन्हा करून पाहिला तर नाहीत.
मी लिहिलं, 'परिणाम होत नाही.'
बाईंनी खोडलं.
"'आढळला नाही' लिही. आपण तेवढंच पाहिलं."
आणि उजवी पेटी
सबंध हिवाळा बंद होती.

शनिवारी आईला सगळं सांगितलं, उजवीशी बोलायचे तेसुद्धा.
ती ओरडली नाही.
आवाज एकदम जवळ आला,
इतका, की तिच्या कवळीची टकटक ऐकू आली.
म्हणाली,
"म्हणजे डावीशी बिचारीशी
कुणीच बोललं नाही?"