पाइप बघायला

नळाला आधी वारा आला, मग खोकला, मग काहीच नाही.
पाइप बघायची घरटी पाळी असते, आज आमची,
आणि मालक कागलला, रात्रपाळीत.
मग मीच निघाले. कोयता, सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी,
फडक्यात दीड भाकरी, वर लाल चटणी.
बुंदी न बोलावता आली.

पांढरी कुत्री, अंगभर पिवळे ठिपके.
कुणाच्यातरी बारशात पत्रावळी चाटताना सापडली होती,
तेव्हापासून आमची.

काळा पाइप डोंगरातनं सरळ उतरतो,
झुडूप असो, धोंडा असो, मान वळवत नाही.
ओढा बाजाराला निघालेल्या म्हातारीसारखा,
दर दारात थांबणार.
हिरड्याच्या मुळाशी थांबला, कारवीत शिरला,
जांभळीखाली इतका वेळ बसला की डोह झाला.

पाइपच्या कडेनं गेलं तर तासाभराचं काम.
बुंदी ओढ्यात उतरली.
मी पाइपकडं बघितलं, बुंदीकडं बघितलं,
आणि चपला काढून हातात घेतल्या.

माघातलं पाणी, घोट्याएवढं,
पण गार असं की दात आठवले.
बावीस वर्षं हे पाणी पितोय मी
(पितोय म्हणतो आम्ही बायकासुद्धा इकडं, हसू नका)
आणि येतं कुठनं ते आज बघते.

बुंदीनं एका दगडाखाली नाक घातलं,
कुरलीनं नाक धरलं.
केवढा आरडाओरडा! पुढची चार वळणं
ती प्रत्येक दगडाला लांबनं वळसा घालून गेली,
आणि मी प्रत्येक वळणाला हसले, एकटीच, मोठ्यानं.
घरात असं हसले असते तर
सासूबाईंनी विचारलं असतं, काय झालं.

मग कुणीतरी शीळ घातली.
लांबलचक, वेल्हाळ, मध्येच सूर विसरलेली.
मी पदर सावरला. या वयात.
वर बघितलं तर निळंकाळं पाखरू,
ओल्या खडकावर शेपूट उघडत-मिटत.
बुंदे, म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस.

त्यापुढं झाड दाट झालं. ऊन नाण्यांएवढं उरलं.
पाइप परत दिसला, ओढ्याला आडवा,
आणि बुंदी थांबली.
पाठीवरचे केस उभे. आवाज नाही, नुसतं घशात काहीतरी दळतंय.
मीही थांबले. पालापाचोळ्यात शेण, वाफ निघणारं.
गवा. आत्ताच गेलेला. एवढासाच वेळ आधी.
आम्ही दोघी किती वेळ तशा उभ्या होतो कुणास ठाऊक.
ओढा तेवढा चालत होता.

जॉइंट त्याच्याच खुरानं निसटला होता.
एका रात्रीत तिथं परातीएवढं तळं झालेलं,
आणि त्या एका रात्रीत सगळ्या रानाला कळलेलं:
मोठा खूर, त्यात पिल्लाचा खूर,
भेकराची दोन बोटं, पाखरांची बारीक टाचणी,
काठावर पिवळी फुलपाखरं, ओल्या मातीला तोंड लावून, पंगतीत.
बुंदीनं सगळ्यांचा वास क्रमानं घेतला
आणि मग त्याच पंगतीत पाणी प्याली.

मी भाकरी सोडली. तिला अर्धी, मला एक.
चटणीचा तुकडा तिनं थुंकला, मातीनं झाकून ठेवला.

मग कामाला लागले. पाइप पाइपात घुसवला, गुडघा रोवला,
ट्यूबचे वेढे द्यायला लागले. एक, दोन. सात झाले.
थेंब थांबत आला होता.
आठव्या वेढ्याएवढी पट्टी हातात होती.
मी ती कोयत्यानं कापली
आणि कनवटीला खोचली.

टप्. आणि जरा वेळानं, टप्.

उतरताना पाइपच्या कडेनं आलो, तासाभरात.
पोटात पाणी वाहताना त्याला हात लावला की कळतं,
बारीक थरथरतो.

सांजच्याला जाऊबाई नळावर घागर लावून उभ्या.
म्हणाल्या, धार जरा बारीक वाटती गं.
मी म्हटलं, माघ आहे, बाई.
बुंदी उंबऱ्यात पडली होती.
तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं,
आणि मिटला.