उपाध्यक्ष : रिक्त

दिवाळे गावच्या जेट्टीवर आमच्या मच्छीमार सोसायटीचा फळा.
निळ्यावर पांढरी अक्षरं.
अध्यक्ष : धर्माजी तांडेल.
उपाध्यक्ष, मग दोन टिंबं,
मग सात वर्षं नुसता निळा रंग.

जनार्दन भोईर साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून
उलव्याला राहायला गेले, राजीनामा
लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून पाठवला.
तो मी फायलीला लावला.
पुढच्या सभेत विषय क्रमांक नऊ : उपाध्यक्षांची निवड.
आठव्या विषयाला चहा आला.

"कशाला पाहिजे? मी काय मरतोय?"
धर्माजी म्हणायचे, सगळे हसायचे,
मी इतिवृत्तात लिहायचो : विषय पुढील सभेकडे.

मंगळवारी भरतीच्या वेळी धर्माजी गेले.
जाळं सांधताना. सुई बोटांत तशीच.

बुधवारी उपनिबंधकांच्या कार्यालयातून फोन :
कार्यभार कोणाकडे?
मी पोटनियम काढले.
अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्ष
आणि उपाध्यक्षांच्या अनुपस्थितीत
इथून पुढचं पान कसरीने खाल्लेलं.

आठवले बेलापूरच्या शाळेतले नागरिकशास्त्राचे दळवी सर.
एकोणसत्तर साली राष्ट्रपती पदावर असतानाच गेले,
उपराष्ट्रपती त्या जागी बसले,
मग निवडणूक लढवायला तेही उठले.
खडू हवेत धरून सर विचारायचे :
बोला, आता देशाच्या खुर्चीवर कोण?
वर्गात फक्त पंख्याचा आवाज.
सरन्यायाधीश, गाढवांनो! महिनाभर, वर चार-पाच दिवस.
आणि तसा कायदा केला कधी?
माणूस गेल्यावर.

आम्हाला कुठला सरन्यायाधीश.
एक खजिनदार, त्याला डायलिसिस,
आणि दोन सदस्य, मासळीबाजारातल्या एका ओट्यावरून
एकमेकांशी न बोलणारे.

होडीवर असं नसतं.
तांडेल आडवा झाला तर सुकाणूवर हात कोणाचा
हे नव्या खलाशी पोरालाही
नांगर उचलायच्या आधी माहीत असतं.
तिथे फळा नाही.

गुरुवारी पहाटे चारला बर्फाची गाडी.
ड्रायव्हर चलन पुढे करून उभा :
अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष यांची सही.
गाडीखालून पाण्याची रेघ उताराला लागलेली.
पारूबाई, जिच्या कमरेला एकोणीस वर्षं
बर्फखोलीची किल्ली,
जी सभासद आहे की नाही
हे मला रजिस्टर बघूनच सांगता येईल,
म्हणाली, "बरफ वितलून चाललाय,
वाचीत काय बसलास?"
चलन ओढून घेतलं.
अंगठा नाही, सही. पूर्ण नाव, ठसठशीत.
खाली हुद्द्यासाठी रेघ होती.
तिच्यावर तिने ओलं बोट टेकवलं,
थांबली, माझ्याकडे बघितलं,
पेन परत दिलं.

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे,
खवला वाळून रेघेला चिकटलाय.
उपनिबंधकांना मी काही कळवलेलं नाही.
काल रंगारी येऊन विचारत होता,
धर्माजींचं नाव पुसायचं का.
म्हटलं, थांब जरा.
पांढरा रंग किती उरलाय
ते बघ आधी.