चौदा, नऊ, सात

फॉर्मवर रकाना होता : पूर्वानुभव.
मी लिहिलं, चिरेखाण, एकवीस वर्षं.
बेनित लोबो हसला नाही.
वेंगुर्ल्यात त्याचं दोरखंडाचं दुकान,
गाठ मारताना ओठ मुडपायची त्याला सवय.
म्हणाला, चालेल. दगडाला तू नवा नाहीस.
पुढचा रकाना : काही झाल्यास कोणाला कळवायचं.
जयवंतीचं नाव घातलं, तिला न विचारता.

सांगितलं तेव्हा ती हाताला राख चोळून
ओले काजूगर सोलत होती.
"ह्या वयात बिळात कित्याक शिरतंस?"
बोटांना चीक, मांडीवर सूप,
त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत तिला उठता येईना,
आणि मला उत्तर येईना.

सड्यावर करवंदीच्या जाळीआड वाघबीळ.
वाघ कोणी पाहिलेला नाही,
वास मात्र सगळ्या गुराख्यांनी घेतलाय.
तो पाकोळ्यांचा.
आम्ही पाच जण पोटावर आत गेलो
आणि पहिल्या वीस फुटांतच
माझा जन्मभराचा हिशेब चुकला.

मला दगड म्हणजे सरळ कड.
चौदा इंच, नऊ इंच, सात.
ट्रकात किती, शेकडा काय भाव,
कोपरा उडाला तर कोणाच्या मजुरीतून.
इथे एकही कड नव्हती.
भिंत न सांगता छत व्हायची,
छत वाकून खांद्याला हात लावायचं.
रंग तोच, तांबडा, भोकाभोकांचा,
पण ओला,
आणि अजून कोणाच्याच घराचा न झालेला.

मग ती जागा आली. छाती अडकली.
मागून शबनम मुकादम, दातांत पेन्सिल,
माझ्या धाकटीहून लहान,
म्हणाली, काका, श्वास धरून ठेवू नका.
सोडा सगळा. रिकामे व्हा, मग सरका.
मला उलटं शिकवलेलं :
जड उचलायचं तर आधी छाती भरून घे.
सोडला. सरकलो.
शर्टाची दोन बटणं तिथेच राहिली.
नकाशात त्या जागेचं नाव आता
'दोन बटणं'.

पलीकडे उभं राहता येईल एवढी खोली.
लोबो म्हणाला, दिवे बंद.
काळोख मी पाहिलाय, वादळात आठ दिवस वीज नसलेल्या गावाचा,
अमावास्येला होडीतून पाहिलेला.
त्यात आपला हात आहे, एवढं तरी ठाऊक असतं.
इथे एका हाताची चौकशी
दुसऱ्या हाताने करावी लागली.
कुठेतरी पाणी टपकत होतं. मी मोजू लागलो, सवय.
अकराव्या थेंबाला वरून आवाज आला.

आधी दाढेत, मग कानात.
गाज असेल, कोणीतरी म्हणालं,
समुद्र इथून दोन मैलही नाही.
मी म्हटलं, नाही. हा बसप्पा.
विजापूरचा. मशीन मीच शिकवलं त्याला.
बाजार बुधवारी, म्हणून रविवारी खाण चालू.
आडवी रेघ संपली की तो पातं उचलतो,
विडी पेटवतो. आता थांबेल बघा.

थांबला.

काळोखात कोणी बोललं नाही.
पुन्हा सुरू झाला तेव्हा छतातून बारीक भुगा
माझ्या ओठांवर उतरला.
चव ओळखीची.

शबनमने दिवा लावला. वर किती थर उरलेत?
खाणीतला माणूस हे डोळे मिटून सांगतो.
मी छताला तळवा टेकला,
दगड थरथरत होता, ताप भरलेल्या वासरासारखा.
म्हटलं, आठ.
तिने वहीत आठ लिहिलं.
आणि दिवस?
ते मी सांगितलं नाही.

बाहेर आलो तर ऊन कलतं झालेलं.
बाकीचे चहाला गेले. मी खाणीकडे चाललो,
गुडघ्यांवर लाल माती, शर्ट उघडा.
बसप्पाने दुरून हात केला,
खाली वाकून पातं टेकवलं.
मी काठावर उभा राहिलो, तोंड उघडलं,
पण मशीन चालू.
एक आडवी रेघ संपायला
चार मिनिटं लागतात, थोडी जास्तच.
मी उभा आहे.