किती रुपयांपर्यंत

तीस तारखेला आमच्या पेढीत कुणी आजारी पडत नसे.
अठ्ठावीसपासूनच घरी सांगून ठेवायचं,
जेवायला थांबू नका.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं दुकान,
तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज,
कुपवाडची गिरणी, विट्याची ट्रान्सपोर्ट,
आणि मिरजेत शेठच्या धाकट्या भावाची एजन्सी,
जिचा हिशोब कधी वेळेवर आला नाही,
आला तेव्हा चहा सांडून आला.
पाच वह्या, एसटीच्या पार्सलनं, कापडी पिशवीत.
पुढं पाच पेन ड्राइव्ह. पिशवी तीच.

तासगाव म्हणायचं, सांगलीकडून येणं आहे.
सांगली म्हणायची, मंगळवारीच दिलं की.
घरातलंच घरात फिरलेलं;
ते दोन्हीकडून खोडायचं,
खोडून जे उरतं तेवढीच पेढी.
हे खोडणं मला चांगलं जमतं.

आता नाझनीन बारगीर येते मिरजेहून, स्कूटीवर,
हेल्मेटला हळद बसते म्हणून कुरकुरत.
पाच दुकानांची पाच तोंडं तिनं एका भाषेत आणली.
‘काका, कुपवाडची हमाली आणि विट्याची चढउतार,
खातं एकच ना?’
एकच, म्हटलं.
बत्तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मग एक रिकामी चौकट.
‘इथं आकडा सांगा. ह्याच्या आतला फरक
सिस्टीम आपोआप सोडून देईल,
कुणाला हाक मारणार नाही.
किती रुपयांपर्यंत?’

अठ्ठ्याण्णवचा ऑक्टोबर.
तासगावचा रोखपाल शीतल आवटी,
वय बावीस, मिशी नुकती फुटलेली.
दोनशे सत्तर रुपये जुळेनात. तीन रात्री.
शेठ म्हणाले, रक्कम लहान असते रे, सवय लहान नसते.
चौथ्या दिवशी शीतल आला नाही.
येऊ नको म्हणून निरोप गेला होता,
पार्सलच्याच पिशवीतून, माझ्या हातचा.

डिसेंबरात सापडलं.
तीनशे साठचे सहाशे तीस.
अक्षर माझं.
फरकाला नऊनं भाग गेला
तर समजायचं आकडे उलटे पडलेत,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचो.
त्या तीन रात्री भाग घालून बघितला नाही.
एक नोंद फिरवली, किरकोळ खात्यात.
शेठना वाटलं, जुळलं.
जुळलंच होतं.

शीतलनं पुढं तासगावात टायरचं दुकान टाकलं, विट्याच्या रस्त्याला.
मी तिकडं गेलो
तर पंक्चर दुसरीकडं काढतो.

‘दोनशे सत्तर,’ मी म्हणालो.
‘दोनशे सत्तर? लोक शंभर सांगतात, पाचशे सांगतात.’
‘नऊनं भाग जातो.’
ती हसली. टाकला आकडा.
‘आणि जुनं किती मागपर्यंत आणायचं?’
एप्रिलपासून, म्हटलं. आरंभीची शिल्लक तेवढी.
बाकीचं कपाटात आहे, कसर खाते आहे, खाऊ दे.

काल पहिला महिना बंद केला.
आठ तारखेपर्यंत रेटायचं काम
एक तारखेला, दिवे लागायच्या आत.
पाचही दुकानांपुढं हिरव्या खुणा.
तासगावला छत्तीस रुपयांचा फरक होता,
सिस्टीमनं तो सोडून दिला.
तिथल्या पोराचं नाव मला ठाऊक नाही.
त्यालाही ठाऊक नाही त्याचं काय टळलं.

नाझनीन म्हणाली, आता कुलूप लावते,
ह्या महिन्यातलं काही बदलता येणार नाही.
लाव, म्हटलं.

खाली आलो. सहा वीस.
इतक्या उजेडात एक तारखेला
मी यार्ड कधी बघितलं नव्हतं.
पोती उचललेल्या जागी पिवळ्या चौकोनी खुणा,
हमाल हात धूत होते, हात पिवळेच.
गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी.
तासगाव पंचवीस किलोमीटर.
तेवढी पुरेल का,
अंगठ्यानं दाबून बघत राहिलो.