अठरावं भांडं

आधीच सांगतो, मी कलेतला माणूस नाही.
दूध थंड करणाऱ्या यंत्रांचा मिस्त्री.
कंपनीनं एल्डोरेटला दोन वर्षांसाठी पाठवलं,
पाच राहिलो.

गावोगाव टाकी बसवायची. स्टीलची, पाच हजार लिटर.
टाकी सुरू झाली की महिन्याभरात
घराघरांतल्या खुंट्यांवरून तुंबे उतरायचे.
दुधाला धुराचा वास चालणार नाही, असं लॅबवाला म्हणायचा
आणि मी पाना पुसत मान हलवायचो.
पुढच्या बाजाराला तेच तुंबे
गोणपाटावर मांडलेले दिसायचे, टोमॅटोच्या शेजारी.

पहिला का घेतला आठवत नाही.
स्वस्त होता.

आता कारंजा घाडगेच्या पलीकडे,
डांबर संपून मुरूम लागतो तिथल्या माझ्या घरात,
टिनाखालच्या फळीवर सतरा भांडी आहेत.
उंच मानेचे तुंबे, कवड्यांच्या झाकणांचे.
युगांडाचं एक लाकडी, आतून-बाहेरून काळंभोर,
वाटीला वाटी लागली तर घंटेसारखं वाजणारं.
एक मुळ्यांचं विणलेलं, इतकं घट्ट
की पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब नाही.
आणि एक फुटका तुंबा.
तडा पोटावरून तिरपा गेलेला,
कातडीच्या दोरीनं शिवलेला, बारीक टाक्यांनी,
जसं कुणी गाईची जखम शिवावी.
तो विकणारी बाई पैसे नको म्हणाली.
झाकणाचा प्लास्टिकचा डबा मागितला, नवा.
दिला.

परवा पारबता अवथळे आली, शेणाचं घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवून.
तिच्याकडे अजून तीन गवळाऊ गाई आहेत.
फळीकडे बघत म्हणाली,
“हे तं तुंबेच हायेत ना बाप्पा. एवढ्या दुरून आनले?”
म्हटलं, यात दूध ठेवतात. काडी जाळून
तिचा कोळसा आतून घासतात, मग आठ-आठ दिवस टिकतं.
तिनं फुटका तुंबा उचलला,
झाकण काढून नाक आत घातलं. बराच वेळ.
“तरोट्यावानी वास येते.”

मी वही काढली. तिथं लिहिलेलं होतं माझ्याच अक्षरात:
झुडूप, पिवळी फुलं, लांब शेंगा.
तरोट्याचं भाऊबंदच म्हणायचं.
चौदा वर्षं धूळ पुसतोय मी या भांड्यांची,
एकदाही वास घेतला नव्हता.

“अन् हे शिवलं कोनं?”

वहीत गाव होतं. तारीख होती.
किमतीच्या जागी लिहिलं होतं, एक डबा.
नावाचा रकानाच आखला नव्हता.

पारबता टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.
मग सहज, भाव विचारावा तसं विचारलं,
“तुह्या मायची दुधानी कुठी हाय?”

दुधाणी.
गोवरीच्या आरावर दिवसभर बसलेली,
लालसर साय धरणारी, बुडाला खरवड.
कारंज्याला शीतकेंद्र आलं तेव्हा मी तिथं उमेदवार होतो.
पहिल्या पगारात अॅल्युमिनियमची कॅन आणली, मायसाठी.
ती काही बोलली नाही.
दुधाणी आधी कोंबड्यांच्या पाण्याला गेली,
मग मागच्या भिंतीपाशी, मग
मग माहीत नाही.

नागपूरचा एक डॉक्टर सतराही मागतो आहे,
काचेच्या कपाटासाठी, दिवे लावून.
पारबताला ते सांगितलं.
“कपाटात दूध ठेवते का तो?” म्हणाली
आणि घमेलं डोक्यावर घेऊन निघून गेली.

आज सकाळी तिच्या नातवानं निरोप आणला.
गोठ्यावरच्या वेलाला एक भोपळा राखलाय,
कडू, मोठ्या पोटाचा. तोडायचा नाही, बजावलंय.
जाऊन बघितला. शिडी लावून, हातात धरून,
कानापाशी नेऊन हलवला.

अजून ओला आहे.
बिया बोलत नाहीत.