सदऱ्याचा खिळा

दांडीच्या वाळूत निनादने नवा फोन काढला,
एकशे आठ मेगापिक्सेल,
आणि रापणीचा फोटो दोन बोटांनी ताणत गेला :
दोर, दोराची गाठ, गाठीतलं शेवाळ,
पुढे नुसता रंगांचा रेंदा.
जाळ्याची आस बारीक केली
म्हणून सुरमई वाढत नाही, मी म्हटलं.
तो हसला. माझ्या स्टुडिओच्या पाटीलाही हसला असावा.

माझा कॅमेरा सहाचा,
खाऱ्या हवेने बटणं आखडलेली.
त्यात सदू कुबल एकदाच सापडला,
तिन्हीसांजेला, बिडी शिलगावताना,
जरासा हललेला;
ओंजळीतला उजेड हनुवटीपर्यंत चढलेला.

काल जानकीकाकी आली. तोच हवा म्हणाली.
निनादला राहवलं नाही,
"काकी, मोठा केला तर फुटेल हा."

"मोठो कित्याक करूचो?
देवाच्या बाजूक एक खिळो आसा,
तेंच्या सदऱ्याचो.
आता रिकामोच आसा."

पाच बाय सात छापला.
फ्रेमच्या मागे दोरी ओवून
गाठ निनादनेच मारली,
दोनदा ओढून बघितली.