दहापैकी

अडतीस पेपर, लाल पेन, स्नेहलतागंजची संध्याकाळ.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, ती लागत नाही.
प्रश्न चौथा, गुण दहा:
रस्त्यात पैशाचं पाकीट सापडलं, तर काय कराल?

सदतीस मुलं पोलीस ठाण्यात गेली.
एकाच वाटेनं, एकाच वाक्यात,
सिस्टर लिओनिलांच्या पुस्तिकेतल्या
चुकीच्या जागच्या स्वल्पविरामासकट.
पलासियाचं ठाणं इतकं भरलेलं
मी जन्मात पाहिलं नाही.

अडतिसावा हर्षुल चौरडिया.
मुंग्यांसारखं अक्षर, मोडकं इंग्रजी:
आधी मोजेन.
मग घरी नेईन, कोणाला नाही सांगणार.
रात्री झोप नाही आली तर सकाळी परत देईन.
आणि खाली, जागा नव्हती तरी, तिरकं:
आली तर माहीत नाही.

"पाच दे नं, मिटव भई," नवरा म्हणतो
मेथी निवडता निवडता.
"अर्धा खरा, अर्धा चोर."
त्याला वाटतं मी गुणांपाशी अडलेय.

मिशनच्या शाळेत शुक्रवारी वर्ग दुभंगतो.
कॅथलिक मुलं प्लायवुडच्या पलीकडे, धर्मशिक्षणाला,
उरलेली माझ्याकडे, मॉरल सायन्सला.
प्लायवुड छतापर्यंत पोचत नाही.
तिकडून सिस्टर विचारतात, सातवी आज्ञा कोणती?
इकडून माझा ओजस पांचाळ ओरडतो, चोरी करू नकोस!
आणि दोन्हीकडची पोरं एकदम हसतात.
त्या हसण्याचा धडा कुठल्याच पुस्तिकेत नाही.

त्याआधी मी सरकारीत होते. सोळा वर्षं.
मल्हारगंजच्या पुढे, पत्र्याची शाळा.
तिथं नैतिक शिक्षण म्हणजे शनिवारचा शेवटचा तास,
म्हणजे मैदान झाडणं, नाहीतर मतदारयाद्या.
फळ्यावर मात्र रोज सुविचार.
केसर मालवीय काढायची, खडू ओला करून, वळणदार:
सदा सच बोलो.
त्याच फळ्याखाली, टेबलावर,
दुपारच्या जेवणाचं रजिस्टर.

एका गुरुवारी मी लिहिलं एकसष्ट.
मोठे सर म्हणाले होते, वरून तेवढेच मागतात.
केसर ताटं मांडत होती.
तिनं मोजून सांगितलं, मला मदत म्हणून,
सगळ्यांसमोर, खणखणीत:
मॅडम, त्रेचाळीस.
मी म्हणाले, बस खाली.

ती बसली.
सही माझीच, निळ्या शाईत, तारखेसह.
अठरा ताटांचं धान्य कुठं गेलं ते मी विचारलं नाही,
आणि त्या रात्री मला झोप आली.
चांगली आली. दूधवाल्यानं कडी वाजवून उठवलं.
शुक्रवारी फळा कोरा होता.
खडू संपला, म्हणाली केसर.
डबा माझ्या हाताशीच होता. भरलेला.

सकाळी कचऱ्याची गाडी गात गात येते.
या शहराला ओला आणि सुका आता झोपेतही कळतो.
मी दोन डबे घेऊन उतरते:
मेथीच्या काड्या इकडे, पुठ्ठा तिकडे,
आणि वर्तमानपत्राला चिकटून वाळलेला रात्रीचा भात
हातात धरून उभी राहते.
गाडीवाला पोरगाही बघतो क्षणभर.
"ये किधर का, आंटी?"

हर्षुलच्या पेपरवर चौकट अजून रिकामी आहे.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलंय,
आली तर मला येऊन सांग.
खाली अजून एक ओळ होती, माझ्याबद्दलची.
ती खोडली. कागद तिथं पातळ झालाय,
उजेडाला धरला तर दिसतं.

बेल व्हायला वीस मिनिटं.
सिस्टरना चौकटीत आकडा हवा.